डोक्यातला खडा

एक्स-रेची फिल्म हलली की पातळ पत्र्यासारखी वाजते. डॉक्टरीणबाईंनी ती उचलली आणि खिडकीशी नेली, एवढं मला आवाजावरून कळलं. मग स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, "पिनियल बरोबर मधोमध आहे. त्यात बारीकसा खडा दिसतोय, कॅल्शियमचा."

तेवढ्यात बाळंतपणाची एक बाई अडली म्हणून त्यांना हाक आली. जाता जाता त्या म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही. पुढच्या आठवड्यात या, मी सगळं नीट सांगते."

पण नीट ऐकायला थांबतो कोण! माझ्याबरोबर माझा मेहुणा पुंडलिक आला होता. त्याने मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. "भाऊजी," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सुरुंगाचा खडा तुमच्या डोक्यात राह्यला."

मलाही ते पटलं. माझे डोळे सुरुंगानेच गेले होते, मग डोक्यात खडा दुसरा कुठून येणार?

आमच्या आजाराची गोष्ट अशी चुकीच्या खड्यापासून सुरू झाली. ज्यांच्या घरी दृष्टी गेलेलं माणूस आहे आणि त्याची झोप बिघडली आहे, त्यांनी ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी. आम्ही जे भलतंसलतं केलं, ते निदान त्यांना करायला नको.

मी बुलढाण्याजवळच्या देऊळघाटचा. घरचा थोडका मळा होता, त्यात मेथी, पालक, वांगी निघत. आमचीच विहीर खोल करायला घेतली तेव्हा खाली खडक लागला आणि सुरुंग लावावा लागला. वात विझली असं समजून मी डोकावलो. ती विझली नव्हती. जीव वाचला, पण दोन्ही डोळे काढावे लागले. माझ्या बायकोला, शेवंताला, लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिच्या माहेरचे लोक तिला न्यायला आले. ती म्हणाली, "विहिरीले पाणी लागलं हाये, आता काऊन जाऊ?" माझ्या बायकोबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण हे एक वाक्य ऐकलं तरी माणूस कळतं.

डोळे गेल्यावर मी हळूहळू कामाला लागलो. रहाट ओढायचो. ओसरीत बसून मेथीच्या जुड्या बांधायचो, आणि माझी जुडी बाजारात सगळ्यांत घट्ट म्हणून नावाजली जायची. पुढे नंदा झाली. ती रांगायला, मग चालायला लागली. शेवंता मळ्यात जायची आणि मी पोर सांभाळायचो. नंदाच्या पायात आम्ही घुंगरू बांधले होते. ती अंगणात कुठे आहे, कोंबडीमागे पळते की माती खाते, हे मी जुडी बांधता बांधता सांगत असे. निघताना शेवंता उंबऱ्यातून म्हणायची, "मी जातो. पोरीले पायजा." आमच्याकडे बायकाही 'जातो'च म्हणतात, आणि 'पोरीले पायजा' म्हणजे पोरीला पाहा. आंधळ्या नवऱ्याला आपण काय सांगतो आहोत हे तिच्या मनातही येत नसे. आणि मला त्या शब्दाचा केवढा आधार होता! गावात मला कुणी काही 'पाहा' म्हणून सांगायचं बंद झालं होतं. फक्त ती म्हणायची.

झोप बिघडली होती ती डोळे गेल्यापासूनच. पण ती अशी बिघडली होती की कुणाला सांगताही येऊ नये. काही दिवस मी चारचौघांसारखा झोपायचो आणि उठायचो. मग झोप यायला रोज थोडा थोडा उशीर होऊ लागायचा. होता होता सगळं उलटं व्हायचं. रात्रभर मी टक्क जागा, आणि दुपारी कुणी डोक्यावर धोंडा ठेवावा तसा जड. मग तीच झोप सरकत सरकत पुन्हा जागेवर यायची. मी त्याला फेरा म्हणायचो. घरचे आळस म्हणायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, "आंधळ्याले काय दिवस अन् काय रात!"

अशाच एका फेऱ्यात, भरदुपारी, माझ्या हातातली जुडी अर्धी राहिली. जाग आली ती शेजारच्या गंगूकाकूच्या ओरडण्याने. मी कान दिला तर अंगणात घुंगरू नव्हते. ते विहिरीच्या बाजूने वाजत होते. गंगूकाकूने नंदाला थारोळ्याच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी पाणी पडतं त्या कुंडाच्या, काठावरून उचललं होतं. पोर हसत होती. मी उठून उभा राहिलो, पण कुठल्या बाजूला जायचं ते मला कळेना. माझ्याच अंगणात मी दिशा विसरलो.

शेवंता आली. तिने गंगूकाकूच्या हातून पोर घेतली. दुसऱ्या दिवशी तिने नंदाला पाठीशी बांधलं आणि मळ्यात निघाली. उंबऱ्यात क्षणभर थांबली. "जातो मी," एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य आलं नाही.

मला कुणी शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

पाठीला पोर बांधून खुरपणी किती दिवस होणार? अमडापूरहून माझी सासू आली आणि तिने सरळ सांगितलं, "जवाईबापू, राग नोका मानू. पोरगी मोठी होईस्तोवर माह्याजवळ राहू द्या." मी नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? नंदा आजीबरोबर अमडापूरला गेली. घुंगरू जाताना मी पार पांदणीच्या वाटेपर्यंत ऐकले. त्याच आठवड्यात पुंडलिकला घेऊन मी बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो, आणि तिथे तो खडा निघाला.

आता खड्याचे पराक्रम ऐका. गावात बातमी पसरली की याच्या डोक्यात सुरुंगाचा खडा आहे. माझा एक जुना दोस्त आला, माझं डोकं दोन्ही हातांत धरून हलवलं आणि कान लावून म्हणाला, "वाजत तर नाही बे." पुंडलिकने कुठून तरी ऐकलं की असला खडा काढायला मुंबईला कवटी उघडतात. ते ऐकून सासू धावत आली. तिचं म्हणणं असं की खडा तो खडा. मुतखडा ज्याने पडतो, त्याने हाही पडेल. "कापाकापी काऊन करता? आधी कुळीथ घेऊन पाहा."

मग मला सकाळी कुळथाचं पाणी आणि अनशापोटी पानफुटीची पानं सुरू झाली. बाईंनी पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं ते राहिलंच. या उपायाने काय व्हायचं ते झालं. आधीच रात्री झोप नाही, त्यात माझ्या बाहेर चकरा सुरू झाल्या. धोतर सावरता सावरता पुरेवाट झाली, डोक्यातला खडा मात्र जागचा हलला नाही. सासूने तरी धीर सोडला नाही. म्हणाली, "डोक्यातून यायचा हाये, वाट लांब हाये."

शेवटी शेवंतानेच सगळ्यांना गप्प केलं. "ज्या बाईनं खडा पाह्यला, तिलेच इचारू," ती म्हणाली. मी, शेवंता आणि सासू असे तिघं बुलढाण्याला निघालो. सासूने नंदाला सुनेजवळ अमडापूरला ठेवलं होतं आणि कुळथाची पुरचुंडी कमरेला खोचून घेतली होती, उपाय पुढे चालू ठेवायचा का ते डॉक्टरीणबाईंना विचारायला.

डॉक्टरीणबाई मूळच्या पुण्याच्या. त्यांची मराठी स्वच्छ धुतलेली, आमची मळ्यातली. आमचं बोलणं ऐकून दवाखान्यातले काही लोक हसायचे. त्या कधी हसल्या नाहीत. त्या दिवशी मात्र पुंडलिकचा सुरुंग, सासूचा कुळीथ आणि माझ्या चकरा हे सगळं ऐकून त्यांना हसू आवरेना. आम्हीही हसलो. हसता हसता शेवंता एकदम रडायलाच लागली, तेव्हा बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"हा खडा सुरुंगाचा नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या मधोमध पिनियल ग्लँड नावाची एक ग्रंथी असते. वय वाढलं की पुष्कळांच्या त्या ग्रंथीत चुन्याचे बारीक कण साठतात. याला कॅल्सिफिकेशन म्हणतात. ते माझ्या डोक्यात असतील, या आजींच्याही असतील."

"माह्या डोक्यात काऊन असंन बाई!" सासू उसळून म्हणाली.

"असू दे हो आजी, त्रास नाही त्याचा. उलट आम्हाला उपयोग होतो. डोक्याला मार लागून आत काही गाठ किंवा रक्त साठलं, तर हा खडा बाजूला सरकलेला दिसतो. यांचा बरोबर मध्ये आहे. म्हणून मी त्या दिवशी म्हटलं, घाबरू नका."

मग त्यांनी सासूकडून कुळथाचा एक दाणा मागून घेतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "ग्रंथी एवढीशी असते. याहून जरा मोठी."

मी तो दाणा बोटांत फिरवत राहिलो. एवढ्याशा वस्तूला देवाने काय काम दिलं असेल?

बाईंनी माझी झोप विचारायला सुरुवात केली. आजवर डॉक्टर विचारायचे, झोप लागते का? मी कधी हो म्हणायचो, कधी नाही, आणि दोन्ही खरं असायचं. या बाईंनी विचारलं, "एकदा बिघडली की कशी बिघडते, ते सांगा." मी फेरा सांगितला. झोप सरकत सरकत उलटी होते आणि सरकत सरकत पुन्हा जागेवर येते, हे ऐकल्यावर त्यांची खुर्ची करकरली. त्यांनी मला तेच परत सांगायला लावलं. मग शेवंताला वेगळं विचारलं. तिनेही तेच सांगितलं. "एका बाजाराले चांगले असतात, दोन बाजारानं पाहा त भरदुपारी घोरत असतात. मंग आपोआप नीट होतात."

"तुमचे डोळे पूर्ण काढलेत ना? उजेड-अंधार काहीच कळत नाही?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

मग बाई जे बोलल्या ते मला आजही पाठ आहे. "हे बघा, मी जे सांगते त्यातलं बरंचसं मी वाचलेलं आहे. उंदरांवर प्रयोग झालेत. माणसांचं अजून सगळं कळलेलं नाही. तेव्हा मी सांगते ते पक्कं समजू नका. पण तुमची हकिकत त्याच्याशी जुळते."

डॉक्टरच्या तोंडून 'मला पक्कं माहीत नाही' हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि का कोण जाणे, त्याच क्षणी माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. माणसाच्या शरीरात झोपेजागेचं एक घड्याळ असतं. अंधार पडला की ही पिनियल ग्रंथी मेलाटोनिन नावाचा एक रस रक्तात सोडते, म्हणजे अंगभर दवंडी देते की रात्र झाली. उजेड झाला की ती थांबते. पण ग्रंथी बसली आहे कवटीच्या आत, तिला बाहेरचा दिवस कसा कळणार? ती खबर डोळ्यांतून जाते. डोळ्यांचं काम नुसतं बघणं नाही. दिवस उगवल्याची बातमी आत पोचवणं हेही त्यांचंच काम.

"तुमच्याकडे ती बातमी जाणं बंद झालं," बाई म्हणाल्या. "घड्याळ थांबलेलं नाही. ते आपल्या अंदाजाने चालू आहे. पण ते जरासं मागे पडतं. डोळस माणसाचं घड्याळ रोज सकाळी उजेड बघून पुन्हा बरोबर लागतं. तुमचं लावायला कुणी नाही."

तालुक्याचा निरोप बंद पडला तरी गावचा कोतवाल नेमाने दवंडी देत हिंडतो आहे, असं काहीसं माझ्या डोळ्यांपुढे आलं. डोळ्यांपुढे म्हणजे जिथे आता मला दिसतं तिथे. कुळथाएवढा जीव, मिट्ट काळोखात बसलेला. बाहेरून एक शब्द येत नाही. तरी त्याने काम सोडलं नाही. इतकी वर्षं लोक मला आळशी म्हणाले, मीही स्वतःला म्हणालो, आणि माझ्या डोक्यात असा इमानी नोकर बसला होता! मला खरंच भरून आलं. स्वतःच्या शरीराचं कौतुक वाटावं, असं डोळे गेल्यापासून प्रथमच झालं.

"म्हणजे आंधळ्याले काय दिवस अन् काय रात, हे खरंच का?" मी विचारलं.

"अर्धं खरं," बाई म्हणाल्या. "डोळ्यांतून खबर जात नाही. दुसऱ्या वाटांनी थोडीफार पाठवता येते का, ते बघू."

झोपेच्या गोळ्या त्यांनी दिल्या नाहीत. दिला तो नेम. झोप लागो न लागो, रोज ठरल्या वेळीच उठायचं. उठल्याबरोबर गार पाण्याने आंघोळ, मग बाहेर चालणं, अंगमेहनतीचं काम, मग न्याहारी, सगळं रोज त्याच वेळी. दिवसा फार वेळ पडायचं नाही. "सगळ्यांना लागू पडेलच असं नाही," त्यांनी बजावलं. "काहींचं घड्याळ नेमानेही हटत नाही. पण करून पाहा."

नेम सांगणं सोपं, पाळणं म्हणजे लोखंडाचे चणे. उलट्या फेऱ्यात पहाटे डोळा लागतो न लागतो तोच शेवंता उठवायची. "दिवस निंघाला, उठा," म्हणायची. मी शिवीगाळ केली, पांघरूण ओढलं, रडलोसुद्धा. ती पाणी ओतायची आणि माझा हात धरून रहाटाशी उभा करायची. एकदा मी म्हणालो, "तुले दया नाही का?" ती म्हणाली, "दयेनं पोरगी घरी येत नाही." मग मी रहाट ओढला.

फेरा एकाएकी गेला नाही. आधी तो लांबला, मग अर्ध्यावर अडकू लागला. पुढे असे दिवस येत गेले की तो येतो म्हणता म्हणता मागे फिरे. दसऱ्याच्या सुमाराला मी सलग पुष्कळ दिवस दुपारी जागा होतो, आणि जागा राहायला मला जोर लावावा लागत नव्हता. डॉक्टरीणबाईंना हे कळवायला गेलो तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. एवढी शिकलेली बाई पोरासारखी खूश झाली होती.

आता सासूची परीक्षा राहिली. ती नंदाला घेऊन आली खरी, पण जावयाची झोप स्वतः पाहिल्याशिवाय पोर सोडायची नाही हे तिने ठरवून टाकलं होतं. शेवंताबरोबर मळ्यात जाते असं मोठ्याने सांगून ती बाहेर पडली आणि हळूच मागल्या दाराने येऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसली. मला दिसत नाही म्हणजे कळत नाही, असा तिचा हिशेब. पण तिच्या मिश्रीचा वास लपत नाही. मी जुड्या बांधत राहिलो, नंदाशी बोलत राहिलो. घुंगरू पांदणीकडे वळले की हाक मारून परत आणत होतो. उन्हं उतरू लागली तरी कोपऱ्यातून मिश्रीचा वास हटला नाही. शेवटी मीच म्हणालो, "मामी, बसून बसून पाय आखडले असतीन. च्या करू का?"

सासू इतकी हसली की नंदा घाबरून माझ्या मांडीवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सासू एकटीच अमडापूरला गेली.

पण शेवंता ते वाक्य अजून म्हणत नव्हती. "गंगूकाकू अंगणात हाये," असं सांगून जायची. माझा तिच्यावर राग नव्हता. ती विहीर किती खोल आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग एक सकाळ आली. उठलो तेव्हाच मला कळलं की फेरा दाराशी आला आहे. अंग जड होतं, डोकं ढगाळ होतं. न सांगता दिवस ढकलता आला असता कदाचित. नंदा माझ्या खांद्याला लोंबत होती. मी शेवंताला हाक मारली आणि म्हणालो, "आज नोको. आज माहा भरोसा नाही. पोरीले संग घेऊन जाय."

ती पोर उचलून निघाली. मला वाटलं, चाललेलं सगळं आपल्याच तोंडाने घालवलं.

आज ऐकणाऱ्यांना एवढंच सांगतो. डोळे पूर्ण गेलेल्या माणसाची झोप सरकत असेल तर त्याला आळशी म्हणू नका, वेडा म्हणू नका, आणि कुळीथ तर मुळीच पाजू नका. डॉक्टरला ती कशी सरकते ते नीट सांगा. आता त्यावर औषधं निघाली आहेत म्हणतात, तेही त्यांनाच विचारा. माझा फेरा पुरता कधीच गेला नाही, वर्षाकाठी एकदोनदा डोकावतोच. पण तो येताना आता मला कळतो, आणि मी सांगतो. त्या डॉक्टरीणबाईंकडून मी हेच शिकलो. जे माहीत आहे ते सांगावं, जिथे भरवसा नाही तिथे नाही म्हणावं, मग माणसं आपल्यावर विसंबतात. आणि डोक्यातल्या त्या कुळथाएवढ्या इमानदाराला मी रोज सकाळी, गार पाणी अंगावर घेताना, मनातल्या मनात सांगतो की बाबा रे, दिवस निघाला.

त्या वेळचा तो फेरा ओसरला आणि मी पुन्हा ओसरीत बसलो. समोर मेथीचा ढीग, पाठीमागे नंदाचे घुंगरू. शेवंता खुरपं घेऊन उंबऱ्याशी आली.

"आज कसं हाये?" तिने विचारलं.

"आज चांगलं हाये," मी म्हणालो.

ती निघाली. पायरी उतरली, अंगण ओलांडलं, पांदणीच्या तोंडाशी गेली. तिथे तिची पावलं थांबली. गंगूकाकूचं नाव येईल म्हणून मी वाट पाहत होतो.

"अवो," तिथूनच ती ओरडली, "पोरीले पायजा!"

"हाव," मी म्हणालो, आणि जुडी खाली ठेवून घुंगरांकडे तोंड वळवलं.